पोलादाच्या बैठकीत पाण्याचा माणूस



वीज किंवा पाणीपुरवठा खात्यातून निवृत्त झालेला साहेब कंपनीच्या संचालक मंडळावर जातो, यात आता कुणाला नवल वाटत नाही. मानधन, काजू आणि सही. (चेष्टा करतोय, पण फारशी नाही.) म्हणूनच अभियंते मोक्षगुंडम विश्वेश्वरय्यांची एक गोष्ट सांगतो. त्यांच्या जयंतीला, अभियंता दिनाच्या भाषणांत ती सहसा येत नाही. १९२७ ते १९५५ या काळात ते टाटा स्टीलचे संचालक होते.

मूळचा हा पाण्याचा माणूस. १८८३ मध्ये पुण्यातून इंजिनिअर झाले आणि पुढच्याच वर्षी मुंबई सरकारच्या बांधकाम खात्यात लागले. नाशिक, खानदेश, मग सक्करची पाणीपुरवठा योजना. पुण्याजवळच्या खडकवासला धरणात पावसाळ्यात जादा पाणी सांडव्यावरून वाहून जाई. भिंत उंच करायची तर ती जुनी, शिवाय पैसा हवा. त्यांनी १९०३ मध्ये सांडव्यावर स्वयंचलित दरवाजे बसवले. पाणी ठरलेल्या पातळीला आलं की दरवाजे आपोआप उघडत, उतरलं की मिटत. भिंत तेवढीच राहिली, साठा वाढला. मला यात यंत्रापेक्षा हिशेब मोठा वाटतो: आहे त्या भांडवलातून जास्त काय निघेल? कंपनीच्या बैठकीत याहून वेगळं काय विचारायचं असतं?

पुढे म्हैसूर संस्थान, तिथलं कृष्णराजसागर धरण, १९१२ पासून संस्थानाचं दिवाणपद. मागासवर्गीयांसाठी नोकऱ्यांत जागा राखण्याला त्यांचा विरोध होता. त्यावरून महाराजांशी मतभेद झाले आणि त्यांनी पद सोडलं. कालव्याच्या टोकाच्या शेतालाही पाणी पोचलं पाहिजे हे ज्याला कळत होतं, त्याला हे कळलं नाही, याची मला खंत आहे. नंतर त्यांनी भद्रावतीचा लोखंड कारखाना सांभाळला आणि पुढे टाटांच्या संचालक मंडळावर गेले.

आणि आपण आज जिथे जमलो आहोत ते वर्धा? १९३४ मध्ये विश्वेश्वरय्यांचं भारताच्या नियोजित अर्थव्यवस्थेवरचं पुस्तक आलं. मोठे उद्योग उभारा, नाहीतर संपाल, हा त्यांचा ध्यास. त्याच वर्षाच्या अखेरीस इथे गांधीजींनी ग्रामोद्योग संघ काढला आणि संघाच्या मगनवाडीत गांधीजींचे सहकारी कुमारप्पा घाणी-चरख्याचा जमाखर्च मांडू लागले. कुमारप्पा मूळचे हिशेब तपासनीस! दोन्ही वाटा एकमेकींना छेदणाऱ्या, पण आकड्यांवाचून बोलायला दोघंही तयार नव्हते. सेवाग्रामच्या सावलीत शिकलेल्यांनी या दोघांना एकत्र वाचावं.

आज इंजिनिअर झालेल्या तुमच्यातले काही जण महावितरणमध्ये जातील, काही पुण्याच्या कंपन्यांत. वीसेक वर्षांनी एखादी मुलगी संचालकाच्या खुर्चीवर बसेल. तिच्यापुढे वीजगळतीचा आकडा येईल, छान रंगीत आलेखात. तो कुठल्या फीडरचा, मीटर कुणी वाचला, हे तिने विचारावं. आणि उत्तर ठाऊक असलेला कनिष्ठ अभियंता बाहेर बाकावर बसला असेल, तर त्याला आत बोलवावं.