ड्रोन घ्यायचा, पण कोणता?

(रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर)



ड्रोनवर बोलायला बँकेतला रिटायर्ड माणूस कशाला, असे तुम्हाला वाटले असेल. झाले असे की आपल्याच सोसायटीतला एक मुलगा, सिव्हिलचा डिप्लोमा झालेला, कोटेशन घेऊन माझ्याकडे आला. "काका, सर्व्हेसाठी ड्रोन घ्यायचाय, बँक कर्ज देईल का?" मी नोकरीभर ट्रॅक्टरची आणि पंपसेटची कोटेशने वाचली. हेही तसेच वाचले.

काम आहे, यात शंका नाही. नोव्हेंबर २०२१ मध्ये खनिजांचे नियम बदलले. तेव्हापासून ५० हेक्टर किंवा त्याहून मोठ्या खाणपट्ट्याला दरवर्षी ड्रोनने मोजणी करून चित्रे द्यावी लागतात (कोळशाला हा नियम नाही). सुरजागडचा पट्टाच सुमारे ३४८ हेक्टरचा. शिवाय गडचिरोलीत सामूहिक वनहक्क मिळालेल्या ग्रामसभा आहेत. मेंढा-लेखाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगल मिळाले. एवढ्या जंगलाचा आराखडा करायचा तर नकाशा लागतोच.

पण माझा पहिला प्रश्न होता, ड्रोनखाली लावणार काय? साधा कॅमेरा जंगलात झाडांचे शेंडे दाखवतो, जमीन नाही. जमिनीचा चढउतार हवा तर लायडार लागतो. त्याचे लेझर किरण पानांच्या फटींतून खाली पोचतात, आणि उन्हाळ्यात सागाची पाने गळली की जास्तच पोचतात. पण तेव्हाच आपल्याकडे पारा ४५ च्या पुढे, बॅटरीचे हाल. लोहखनिज शोधणारा मॅग्नेटोमीटर तर मोटारींच्या चुंबकत्वाने बिघडतो, म्हणून तो खाली लांब लोंबकळता ठेवतात. म्हणजे खरी मालमत्ता सेन्सर. ड्रोन हा बंडीचा बैल.

आणि बैलाचे वजन सरकार मोजते, ओझ्यासकट! ड्रोन नियम २०२१ प्रमाणे २५० ग्रॅमपर्यंत नॅनो, २ किलोपर्यंत मायक्रो, २५ किलोपर्यंत स्मॉल. मुलाच्या कोटेशनमधला ड्रोन पावणेदोन किलोचा, म्हणजे मायक्रो. पण त्याला हवा तो सेन्सर लावला की तो स्मॉल होतो. हे कोटेशनमध्ये कुठेच लिहिलेले नव्हते. विकणारा कशाला लिहील?

आता कर्जाची मुदत. बँक साधारण पाच वर्षे धरते. नियमांचा हिशेब पाहा: ऑक्टोबर २०१४ मध्ये खाजगी उड्डाणांना बंदी. डिसेंबर २०१८ पासून अटींवर परवानगी. मार्च २०२१ मध्ये नवे नियम, आणि पाच महिन्यांत, ऑगस्टमध्ये, ते रद्द करून दुसरे! फेब्रुवारी २०२२ मध्ये परदेशी ड्रोनच्या आयातीवर बंदी आली, सुटे भाग तेवढे चालतात. सप्टेंबर २०२५ मध्ये आणखी एका कायद्याचा मसुदा पुढे आला. हप्ता मात्र पाचही वर्षे तोच!

आपल्या भागाची गोष्ट तर आणखी वेगळी. ताडोब्याच्या आसपास वनखात्याला विचारल्याशिवाय काही उडवू नये. पोलीस अधीक्षक एखादा भाग ९६ तासांपर्यंत 'रेड झोन' करू शकतात, आणि गडचिरोलीत ही शक्यता पुण्यापेक्षा जास्त धरावी लागते. पार्टीला दिलेली तारीख हुकली तर बिल अडकते. म्हणून मी त्याला सांगितले, महिन्याला १५ दिवसच काम धरून हिशेब कर. त्याने २६ धरले होते.

माझा सल्ला असा होता. ड्रोन देशी बनावटीचा आणि टाइप सर्टिफिकेट असलेला घे. सर्टिफिकेटचा नंबर बिलावर लिहून घे. ज्या सेन्सरसकट उडवणार, त्या सेन्सरसकट ते सर्टिफिकेट लागू आहे का, हे कंपनीकडून लेखी घे, तोंडी नको. सेन्सर दुसऱ्या ड्रोनलाही बसेल असाच बघ. थर्ड पार्टी विमा काढ. आणि पहिले वर्ष लायडार विकत घेऊच नको, भाड्याने आण. धंद्यासाठी उडवायचे तर रिमोट पायलट सर्टिफिकेट लागतेच, ते आधी कर. त्याची आई म्हणाली, "भाऊजी, पोरगा हिरमुसला हो." हिरमुसू दे. राहते घर तारण ठेवायला निघाला होता तो.

सध्या तो पायलटच्या ट्रेनिंगला गेलाय. नवे कोटेशन आले की आम्ही पुन्हा बसणार आहोत. आणखी कोणाच्या मुला-मुलीला असे काही घ्यायचे असेल तर कागद घेऊन या. संध्याकाळी सहानंतर मी घरीच असतो.