मोबदला घेताना
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



धरणासाठी, रस्त्यासाठी सरकार जमीन घेते, तेव्हा घरातल्या बायकांना ती गोष्ट बहुधा चेक आल्यावर कळते. म्हणून आज मी मोबदल्याविषयीच बोलणार आहे.

१८९४ चा जुना कायदा जाऊन २०१३ चा कायदा १ जानेवारी २०१४ पासून लागू झाला. जुन्यात बाजारभावावर अखेरीस ३० टक्के दिलासा रक्कम मिळे. नव्यात १०० टक्के आहे. हिशेब असा. जमिनीचा बाजारभाव ५ लाख धरू. शहरात तो ५ लाखच राहतो. खेड्यात सरकारने ठरविलेल्या १ ते २ पर्यंतच्या आकड्याने त्याला गुणतात. आकडा २ असला तर झाले १० लाख. विहीर, झाडे यांचे समजा ५० हजार. या साडेदहा लाखांवर तेवढीच दिलासा रक्कम, म्हणजे एकूण २१ लाख. शिवाय निवाड्यापर्यंतच्या काळाचे बाजारभावावर दर वर्षी १२ टक्के निराळे.

हा बाजारभाव मागील ३ वर्षांतील आसपासच्या खरेदीखतांवरून किंवा मुद्रांकाच्या सरकारी दरावरून काढतात. जो अधिक तो धरतात. मुद्रांक वाचविण्यासाठी खतात किंमत कमी लिहिणारे शहाणे साऱ्या गावाचा भाव पाडतात, हे जाता जाता सांगते.

परंतु खरी मेख सहीत आहे. माझ्या मावशींच्या शेताचा निवाडा झाला. भाव कमी आहे हे साऱ्यांना दिसत होते. कारकुनाने बोट ठेवले तेथे मावशींनी सही केली आणि चेक घेतला. त्यांच्या जाऊबाईंनी मात्र सहीपाशी लिहिले, ‘तक्रार राखून रक्कम स्वीकारली.’ तक्रार न राखता पैसे घेणाऱ्यास कायद्याने वाढीव मोबदल्याचा अर्ज करता येत नाही. जाऊबाईंचा अर्ज पुढे गेला, मावशींचा दारातच परत आला. दोन्ही शेतांना पाणी एकाच विहिरीचे!

अर्ज कलेक्टरकडे, लेखी करावयाचा. निवाड्याच्या वेळी हजर असल्यास मुदत ६ आठवडे. नसल्यास नोटीस मिळाल्यापासून ६ आठवडे किंवा निवाड्यापासून ६ महिने, यांतील आधी संपेल ती. राष्ट्रीय महामार्गाची वाट वेगळी. तेथे वाढीसाठी लवादाकडे जावे लागते.

आणि नोटीस जाते ती सातबाऱ्यावरील नावांना. हिंदू कुटुंबात वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला २००५ पासून मुलाइतकाच हक्क आहे. पण उताऱ्यावर नाव नसेल, तर तिलाच धावत कचेरीत जाऊन तो सांगावा लागतो, आणि तोवर पैसे वाटलेही गेलेले असतात.

ज्यांना आपला उतारा वाचून घ्यावयाचा असेल, त्यांनी चहानंतर माझ्यापाशी यावे. चष्मा तेवढा आणावा. अक्षर फार बारीक असते.