विलायतेचा पगार : ठरलेला आणि हातीं पडणारा

पुण्यामुंबईचा एखादा तरुण नोकरीसाठीं ब्रिटनला निघाला कीं घरचीं माणसें त्याच्या वार्षिक पगाराचे पौंड रुपयांत मांडतात आणि त्या आंकड्यावर कर्जफेडीचे बेत रचतात. गुणाकार बरोबर असतो. चुकतें तें गुण्य. करारांतील रक्कम म्हणजे शेतांतलें उभें पीक. घरीं येणारें धान्य निराळें.

ब्रिटनमध्यें मिळकतीवरील कर मालकच पगारांतून कापून सरकारांत भरतो. ही पद्धति तेथें १९४४ सालीं सुरू झाली.

समजा, वर्षाचा पगार ३०,००० पौंड ठरला. ६ एप्रिल २०२५ रोजीं सुरू झालेल्या करवर्षाच्या दरांप्रमाणें पहिले १२,५७० पौंड करमुक्त. उरलेल्या १७,४३० पौंडांवर शेंकडा २० प्रमाणें कर ३,४८६ पौंड. शिवाय 'नॅशनल इन्शुरन्स' ही राष्ट्रीय विम्याची वर्गणी त्याच रकमेवर शेंकडा ८ प्रमाणें सुमारें १,३९४ पौंड. बाकी उरले सुमारें २५,१२० पौंड, म्हणजे महिना २,०९३. पेन्शन फंडाची वर्गणी असल्यास आणखी कमी. घरभाडें व स्थानिक 'कौन्सिल टॅक्स' भागवावयाचा तो यांतूनच. स्कॉटलंडांत मिळकतकराचे टप्पे वेगळे आहेत.

पगार ५०,२७० पौंडांपुढें गेला कीं साऱ्या पगारावर शेंकडा ४० कर बसतो, असा एक समज आहे. तो खोटा आहे. वाढीव दर केवळ पायरीवरच्या भागाला लागतो. त्या पायरीवर १,००० पौंड बढती मिळाली तर ४०० कर आणि २० विमा जाऊन ५८० हातीं राहतात. बढती नाकारण्याचें कारण नाहीं. खरी अवघड चढण एक लक्षापुढें आहे. तेथें दर दोन पौंडांमागें करमुक्त रकमेंतील एक पौंड कमी होतो, आणि १,२५,१४० पर्यंत वाढीव शंभरांतले अवघे ३८ उरतात.

पगारपत्रकावरील करसंकेतहि पाहावा. '१२५७ एल' म्हणजे सामान्यतः पूर्ण करमुक्तीचा संकेत. नव्या नोकराची माहिती मालकाकडे वेळेवर न पोहोंचल्यास तात्पुरत्या संकेतानें जास्त कर कापला जाऊं शकतो. दुरुस्ती झाल्यावर जादा रक्कम परत मिळते.

हा हिशेब ठाऊक नसला म्हणजे घरीं संशय येतो कीं, मुलगा पैसे दडवतो. आणि परदेशांत तो बिचारा पोटाला चिमटा घेत असतो. म्हणून करारावरची पहिली ओळ वाचून आशा बांधूं नये. पगारपत्रकाची शेवटची ओळ वाचून बेत करावा.