कोड एबीएसमध्ये, दुखणं एअरबॅगकडे

मागून कॉम्प्रेसरचा आवाज येईल, सांभाळून घ्या, गॅरेजमध्येच रेकॉर्ड करतोय. आजचा विषय जरा वेगळा आहे. डॅशबोर्डवर घसरणाऱ्या गाडीचं चित्र असलेला पिवळा दिवा लागतो, आणि स्कॅनर मात्र बोट दाखवतो एअरबॅगकडे. मग बिघडलंय काय? या गोष्टीत पहिली चूक माझीच होती, तेही सांगतो.

गेल्या पावसाळ्यात एक ताई गाडी घेऊन आल्या. नोकरी कराडला, घर चिपळूणला. दर शनिवारी कुंभार्ली घाट उतरायचा, सोबत पाच वर्षांची मुलगी. म्हणाल्या, "दादा, हा दिवा कधी लागतो, कधी आपोआप जातो. गाडी चालवू का?"

स्कॅनर लावला. एबीएसच्या मॉड्यूलमध्ये कोड मिळाला, यू-०१५१. कोडचं पहिलं अक्षर लक्षात ठेवा. पी म्हणजे इंजिन-गिअरबॉक्स, सी म्हणजे ब्रेक-स्टिअरिंगची बाजू, बी म्हणजे बॉडी, त्यातच एअरबॅग येते. आणि यू म्हणजे मॉड्यूलचं आपापसातलं बोलणं. यू-०१५१ चा अर्थ, एअरबॅगच्या मॉड्यूलशी संपर्क तुटला.

आता माझी चूक. कोड एबीएसमध्ये सापडला, दिवा स्टॅबिलिटी कंट्रोलचा, म्हणून मी बोलून गेलो, "एबीएस युनिट गेलंय, ४० हजारांच्या आसपास जातील." ताई गप्प झाल्या. मग हळूच म्हणाल्या, "दादा, पण यात एअरबॅग लिहिलंय ना? मग एबीएस का बदलायचं?"

मला उत्तर देता आलं नाही. कारण प्रश्न बरोबर होता.

असं बघा. ग्रुपवर सुरेश लिहितो, "रमेश उत्तर देत नाहीये." म्हणून आपण सुरेशला दवाखान्यात नेतो का? कोड ज्याच्याकडे सापडतो तो तक्रार करणारा असतो. आजारी कोण, ते शोधायचं काम आपलं.

पण एबीएसला एअरबॅगशी बोलायचंच कशाला? स्टॅबिलिटी कंट्रोल दोन गोष्टी ताडून बघतो. स्टिअरिंग किती वळवलंय आणि गाडी खरोखर किती वळतेय. फरक पडला की तो एखाद्याच चाकाला ब्रेक लावून गाडी सरळ करतो. गाडी किती वळतेय हे सांगणारा जो सेन्सर असतो, त्याला यॉ सेन्सर म्हणतात. बऱ्याच गाड्यांमध्ये तो एअरबॅगच्या डब्यातच बसवलेला असतो. डबा गाडीच्या मधोमध, गिअर लिव्हरच्या आसपास, कन्सोलखाली पक्का बोल्ट केलेला. धक्का ओळखायला आणि वळण ओळखायला जागा तीच बरी पडते. या गाडीतही तसंच होतं. डबा गप्प झाला की एबीएसला वळणाची माहिती मिळत नाही. मग चुकीचा ब्रेक लावण्यापेक्षा तो स्टॅबिलिटी कंट्रोलच बंद करतो आणि दिवा लावतो.

मग नव्याने तपासणी सुरू केली. पहिलं, बाकीचे मॉड्यूल काय म्हणतात? इतर दोन ठिकाणीही तोच कोड होता. सगळे एकाच सदस्याची तक्रार करत होते. दुसरं, बोलण्याची तार. बॅटरी काढून ओबीडी सॉकेटच्या ६ आणि १४ नंबरच्या पिनमध्ये मोजलं. ६० ओहम आले. लाइनच्या दोन टोकांना १२०-१२० ओहमचे रेझिस्टर असतात, म्हणून ६०. म्हणजे मुख्य लाइन तुटलेली नाही. उरला तो डबा, आणि त्याला मिळणारा करंट.

इथे एक गोष्ट नीट ऐका. एअरबॅगच्या पिवळ्या कनेक्टरला घरी हात लावायचा नाही, मल्टीमीटर तर अजिबात नाही. बॅटरीचं निगेटिव्ह काढल्यावरही डब्यात थोडा वेळ चार्ज राहतो, आम्हीसुद्धा थांबतो. मग डबा सोडवला, बॅटरी परत जोडली आणि वायरिंगच्या सप्लायवर छोटा बल्ब लावून पाहिला. बल्बची दुसरी बाजू बॉडीला लावली तर लख्ख उजेड. डब्याच्या स्वतःच्या अर्थ वायरला लावली तर मिणमिण. सापडलं! सप्लाय ठीक, अर्थ खराब.

कार्पेट उचललं तर खाली ओलं. एसीच्या पाण्याची ड्रेन नळी तुंबली होती, पाणी आत झिरपत होतं, आणि अर्थचा बोल्ट गंजला होता. गाडी हलली की संपर्क जोडायचा, तुटायचा. म्हणून दिवा येत-जात होता.

बोल्ट घासून साफ केला, नळी मोकळी केली, कार्पेट वाळवलं. कोड पुसून मोठी चक्कर मारली, पुन्हा स्कॅन केलं. कोड परत आला नाही. ४० हजारांचं काम मजुरीवर भागलं. मी ताईंना म्हणालो, "तो प्रश्न तुम्ही विचारला नसता तर माझ्यामुळे पैसे गेले असते, आणि दिवा तरीही लागला असता."

पण पैशापेक्षा मोठी गोष्ट वेगळीच. तो डबा गप्प असताना धडक झाली असती, तर एअरबॅग उघडण्याची खात्री नव्हती. आणि त्याच दिवसांत ताई मुलीला घेऊन ओल्या घाटातून जात होत्या. विचारल्यावर आठवलं, एअरबॅगचा लाल दिवाही दोन-तीनदा चमकून गेला होता. त्यांना वाटलं, गेला म्हणजे ठीक झालं.

"गाडी चालवू का" याचं उत्तर असं. साधे ब्रेक लागतात, त्यामुळे गॅरेजपर्यंत हळू या. पण दिवा जाईपर्यंत घाट नको, जोरात तर नकोच. कोड नुसता पुसून घेऊ नका, आधी त्याचा फोटो काढून ठेवा. मोबाइलला जोडायचे स्वस्त ब्लूटूथ स्कॅनर बहुतेक वेळा फक्त इंजिनचे कोड दाखवतात, त्यात "सगळं ठीक" आलं म्हणून निर्धास्त होऊ नका. आणि कुणी महागडं युनिट बदलायला सांगितलं, तर एवढंच विचारा, "कोड कुणाकडे सापडला, आणि तो कुणाबद्दल बोलतोय?"

उत्तर देताना मेकॅनिक जरा थांबला तर वाईट वाटून घेऊ नका. मीही थांबलो होतो. चला, भेटू पुढच्या भागात. गाडी जपून चालवा!