उसाच्या दिवसांतील पहांटेचा प्रवास



मार्गशीर्ष लागला कीं पुण्यामुंबईकडील पुष्कळ कुटुंबें दत्तजयंतीसाठीं नरसोबाच्या वाडीला निघतात. रात्रीं जेवणें आटोपून मोटारींत बसावें आणि उजाडतां घाटावर स्नान करावें, असा बेत असतो. बेत चांगला आहे; परंतु ज्या घटकेला हीं मंडळी कृष्णाकांठीं पोंचतात, ती त्या रस्त्यावरची सर्वांत वाईट घटका होय.

थंडींत आकाश निरभ्र असलें म्हणजे रात्रभर जमिनीची उष्णता निघून जाते. नदीकांठीं आणि पाणी दिलेल्या उसांत हवेंत ओल असतेच; ती पहांटे गारठून धुक्याच्या रूपानें सखल भागांत सांचते. म्हणून माळावर स्वच्छ चांदणें असतां पुलाच्या उतारावर मोटार एकाएकीं कापसांत शिरल्यासारखी होते. अशा वेळीं पुष्कळ जण दिव्यांचा झोत वाढवितात. तो धुक्याच्या कणांवरून उलटून आपल्याच डोळ्यांवर येतो. झोत खालीं करावा, हेंच बरें.

याच दिवसांत साखर कारखान्यांचा गळीत हंगाम चालूं असतो. ट्रॅक्टरमागें उसाच्या दोन दोन ट्रॉल्या, शिवाय बैलगाड्या, रात्रभर रस्त्यानें जात असतात. मागचा दिवा असलाच तर पुष्कळदां चिखलानें माखलेला, नाहींतर लोंबत्या उसानें झांकलेला.

आतां थोडें गणित. मास्तरकीची संवय सुटत नाहीं. ताशीं 60 किलोमीटर म्हणजे सेकंदास सुमारें 17 मीटर. पुढचें दिसून पाय ब्रेकवर पडेपर्यंत दीड सेकंद धरला, तर मोटार 25 मीटर तशीच धांवते. थांबण्यास आणखी 20 मीटर तरी हवेत. धुक्यांत 30 मीटरच दिसत असतील, तर उरलेले 15 कोठून आणणार? ताशीं 30 नें मात्र 20 मीटरच्या आंत थांबतां येतें.

हें गणित मीं वर्गांत पुष्कळ वर्षें शिकविलें. उपयोग कळला तो तीन हिंवाळ्यांपूर्वीं. आम्ही वाडीलाच निघालों होतों. मुलगा मोटार चालवीत होता. धुकें लागतांच मीं 'हळू, हळू' म्हणून त्याचें डोकें खाल्लें. शेवटीं वैतागून तो ताशीं 30 वर आला. दुसऱ्याच वळणावर झोतांत उसाचीं टोकें दिसलीं. दिवा नाहीं, कांहीं नाहीं. मोटार दोन हातांवर थांबली.

ट्रॉलीचा आंस मोडला होता. चालक विशीचाही नसेल. त्यानें मागें चार दगड मांडले होते, पण अगदीं ट्रॉलीला लागून! दुरून येणाऱ्यास त्यांचा काय उपयोग? आम्हीं प्रथम मोटार रस्त्याखालीं घेतली आणि घरच्या मंडळींना उतरवून शेताच्या कडेला उभें केलें. कारण मागून येणाराही आपल्याइतकाच आंधळा असतो. आमच्याजवळचा इशाऱ्याचा तांबडा त्रिकोण मोटार घेतल्यापासून पिशवींतून निघाला नव्हता. मुलगा विजेरी घेऊन कडेकडेनें साठ-सत्तर पावलें मागें गेला आणि तो तेथें मांडून आला.

त्या दिवशीं स्नानाला नऊ वाजले. आतां आम्ही कऱ्हाडास मुक्काम करतों आणि ऊन पडल्यावर निघतों. तो त्रिकोण त्या पोराजवळच राहिला. मुलानें परततांना सांगलींत दुसरा घेतला. तो सामानाखालीं नव्हे, त्याच्या आसनाखालीं असतो.