चित्रपुस्तकात आपण कुठे असतो?

(आसनगाव इथे पालक आणि तरुणांच्या बैठकीत केलेलं भाषण)



मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, बालसाहित्याचा जाणकार नाही. पण घरात तीन वर्षांची मुलगी, आठ वर्षांचा मुलगा आणि बारा वर्षांचा भाचा आहे. तिघांसाठी पुस्तकं शोधताना माझ्या ज्या चुका झाल्या, त्या तुमच्या होऊ नयेत म्हणून बोलतोय.

पहिली चूक म्हणजे मी पुस्तक माझ्या आवडीने आणायचो. तीन वर्षांच्या मुलाला गोष्टीआधी चित्र हवं असतं. पानावर मजकूर कमी, आकृत्या मोठ्या आणि त्या काहीतरी करताना दिसल्या पाहिजेत. तारा बुक्सचं ‘डू!’ हे तसं पुस्तक आहे. त्यात आपल्या ठाणे-पालघरकडची वारली चित्रं आहेत, आणि माणसं सतत कशात तरी गुंतलेली आहेत. मुलगी ते बघते आणि शाळेच्या भिंतीवरची वारली चित्रं दिसली की ओरडते, “माझं पुस्तक!”

चार ते सहा वर्षांच्या मुलाला घरातल्या गोष्टी आवडतात. मराठीत माधुरी पुरंदरे यांची ‘राधाचं घर’, ‘यश’ ही पुस्तकं जरूर आणा. ती ज्योत्स्ना प्रकाशनाची आहेत. २०१४ मध्ये पुरंदरेंना साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार मिळाला. आमच्या घरी राधाची आजी आली की मुलगी म्हणते, “ही तिची दादी.” तिला कुणी शिकवलेलं नाही. सोबत तुलिका प्रकाशनाचं ‘इस्मत्स ईद’ ठेवा. ईदसाठी घेतलेली पँट लांब निघते. ती आखूड करायला आधी कुणालाच वेळ नसतो, आणि मग घरातला जो तो एकमेकांना न सांगता कापत जातो. पँटचं काय होतं ते मुलांना आधीच कळतं आणि ती हसत सुटतात. राधा आणि इस्मत दोन्ही हवेत. फक्त ईदचीच पुस्तकं आणली तर मूल आपल्याच गल्लीत राहील. एकही आणलं नाही, तर पुस्तकं दुसऱ्यांची असतात असं त्याला वाटेल.

सहा ते नऊ वर्षांत मूल स्वतः वाचू लागतं. इथे पैसे नाहीत ही सबब चालत नाही. प्रथम बुक्सने २०१५ मध्ये ‘स्टोरीवीव्हर’ सुरू केलं. तिथे मराठी गोष्टी फुकट वाचता येतात, उतरवून घेता येतात, छापताही येतात. त्यांच्या चार पातळ्या आहेत. पहिलीत २५० शब्दांपर्यंत मजकूर असतो, चौथीत १५०० च्या पुढे. मुलाचं वय बघून पातळी ठरवू नका. एक पान त्याला वाचायला द्या आणि अडलेल्या प्रत्येक शब्दाला एक बोट दुमडा. पाचही बोटं दुमडली तर ते पुस्तक तूर्त तुम्ही वाचून दाखवा.

आता दहाच्या पुढची मुलं. त्यांना चित्रकादंबरी द्यायला घाबरू नका. “एवढा मोठा झाला, अजून चित्रं बघतो,” असं म्हणू नका. मी भाच्याला ‘भीमायन’ दिलं. २०११ मध्ये ‘नवयान’ने काढलेलं हे पुस्तक दुर्गाबाई व्याम आणि सुभाष व्याम यांनी गोंड शैलीत चितारलंय. यात चौकटी नाहीत. साध्या बोलण्याचे फुगे पक्ष्यासारखे आहेत आणि विखारी बोलण्याच्या फुग्याला विंचवाची नांगी आहे. बाबासाहेबांना लहानपणी शाळेत पाणी नाकारलं गेलं, तिथून ते सुरू होतं. माझ्याकडची प्रत इंग्रजी, म्हणून मी मराठीत सांगत होतो. भाच्याला ते लगेच पोचलं. तानसा-भातसाचं पाणी मुंबईला जातं आणि आपल्याच तालुक्यातल्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकरची वाट बघतात, हे त्याने पाहिलंय.

मग दौलताबादचं प्रकरण आलं. साल १९३४. बाबासाहेब आणि त्यांचे सहकारी किल्ला बघायला जातात, दाराजवळच्या हौदावर हातपाय धुतात, आणि हौद बाटवला म्हणून लोक धावून येतात. ते लोक मुसलमान आहेत. बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवलंय की तो रमजानचा महिना होता.

खरं सांगतो, ती पानं मी उलटून टाकणार होतो. बाहेर आपल्याबद्दल इतकं वाईट बोललं जातं, घरात आणखी कशाला, असा विचार आला. पण भाचा चित्रं माझ्याआधी बघून मोकळा झाला होता. त्याने विचारलं, “मामू, हे आपण आहोत?”

मी म्हणालो, “हो. इथे आपण आहोत.”

तो थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, “पण त्यांचे रोजे होते ना? तहान काय असते ते त्यांना माहीत होतं.”

हे मी त्याला सांगितलं नव्हतं, आणि माझ्या व्याख्यानातून ते त्याला कळलंही नसतं. म्हणून मला वाटतं, लहान मुलाला पुस्तकात आपलं घर दिसलं पाहिजे आणि मोठ्या होत चाललेल्या मुलाला आपली चूकही दिसली पाहिजे. ज्याला आधी घर दिसलंय, तो चूक बघून कोसळत नाही. चौदा-पंधराच्या पुढे मर्जान सत्रापींचं ‘पर्सेपोलिस’ द्या. इराणच्या क्रांतीत वाढलेल्या मुलीची ती गोष्ट आहे. त्यात छळाची चित्रं आहेत, तेव्हा आधी तुम्ही वाचा आणि मुलं वाचतील तेव्हा जवळ बसा.

शेवटी एक विनंती. पुढच्या बैठकीला प्रत्येकाने दोन पुस्तकं आणावीत. पेटी माझ्या घरी ठेवू. मुलं येऊन घेऊन जातील. फाटली तर चिकटवू.