कलेचे अंगण कोणाचे?

चाळीसगावच्या आपल्या घरात केकी मूस यांनी १९८९ सालच्या मृत्यूपर्यंत एकांतात कलासाधना केली. ती पाहावयास त्या घराचा उंबरा ओलांडावा लागतो. याच खानदेशच्या उत्तर टोकाला, सातपुड्यातील काठी गावी, कला उघड्या माळावर अवतरते. होळीसाठी उंच बांबू उभारला जातो. डोक्यावर मोरपिसांचे टोप, कमरेला भोपळे व घुंगरू आणि अंगावर पांढरी नक्षी अशा वेषात आदिवासी ढोलाच्या तालावर रात्रभर नाचतात. पहाटे होळी पेटते. शहरी समीक्षक ज्याला मांडणशिल्प म्हणतात, ते येथे नृत्याशी एकरूप झालेले आहे. त्याला तिकीट नाही.

स्पेनमधील उपेक्षित जिप्सींनी जोपासलेल्या फ्लामेंको नृत्यसंगीताला २०१० साली युनेस्कोने अमूर्त सांस्कृतिक वारशाचा मान दिला. परंतु कलेला मान मिळाला म्हणजे कलावंतांच्या जमातीला न्याय मिळतोच असे नाही. काठीच्या होळीलाही पर्यटक गर्दी करतात. त्याच सातपुड्यातील आदिवासी मात्र सरदार सरोवरामुळे विस्थापित झाले. महाराष्ट्रातील ३३ गावे त्यात बाधित झाली. जमीन आणि जंगल हिरावल्यावर नाचाचा केवळ देखावा उरतो. म्हणून ज्याला हा नाच प्रिय आहे, त्याने पुनर्वसनाच्या आणि २००६ च्या वनहक्क कायद्याच्या लढ्यातही आदिवासींच्या शेजारी उभे राहिले पाहिजे.